अल्पसंख्य भाषिकांची शाळा कोणाच्या हाती? : कॅनडातील फ्रेंच शाळा-मंडळे

वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशात कॅनडा हा देश एकाच रंगाने रंगविलेला असतो. त्यामुळे त्या देशात एकच भाषा चालत असावी असा समज मुलांचा, आणि कित्येकदा शिक्षकांचाही, होतो. वस्तुतः त्या देशाच्या राज्यकारभारात इंग्रजी व फ्रेंच या दोन भाषांना सारखीच मान्यता आहे. पूर्वेकडील क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलणारांचे बहुमत आहे. उरलेले नऊ प्रांत व उत्तरेकडील तीन प्रदेश यांत मात्र ते अल्पसंख्य आहेत. क्वेबेकबाहेर अशा लोकांची संख्या सुमारे दहा लाख असून त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक एकट्या आँटेरिओ प्रांतात राहतात.

हे लोक तेथे काल-परवा आलेले नव्हेत. आजच्या विंडसर शहराजवळ नदीकाठी फ्रेंच शेतकऱ्यांची वस्ती १७४९ च्या सुमारास झाली, म्हणजे आँटेरिओ हा प्रांत अस्तित्वात येण्याच्या शंभरांहून अधिक वर्षे आधी. पुढे एकोणिसाव्या शतकात लाकूडतोड, रेल्वे व खाणी यांच्या कामांसाठी क्वेबेकमधून हजारो कुटुंबे ओटावा नदीच्या खोऱ्यात व उत्तरेकडील अरण्यप्रदेशात जाऊन राहिली. जेथे वस्ती झाली तेथे प्रथम प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि त्याच्या शेजारी शाळा. शाळेत मुलांच्या घरची भाषा चालावी यात कोणालाही त्या काळी वावगे वाटले नाही.

येथे 'शाळा-मंडळ' म्हणजे काय हे आधी स्पष्ट केले पाहिजे. कॅनडात शिक्षण हा प्रांताचा विषय आहे. अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता व अनुदान या गोष्टी प्रांताचे शासन ठरविते. परंतु शाळा प्रत्यक्ष चालविण्याचे काम त्या त्या भागातील मतदारांनी निवडून दिलेल्या मंडळाकडे असते. शिक्षक नेमणे, इमारती बांधणे, मुलांच्या वाहतुकीची सोय करणे ही सर्व कामे मंडळाची. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन होण्यापूर्वी जुन्या मुंबई राज्यात जिल्हा स्कूल बोर्डे होती, त्यांची माहिती ज्यांना वडीलधाऱ्या शिक्षकांकडून मिळाली असेल त्यांना ही रचना अपरिचित वाटणार नाही. फरक इतकाच की, आँटेरिओत साधारण शाळांची मंडळे वेगळी आणि कॅथलिक पंथाच्या शाळांची मंडळे वेगळी, अशी विभागणी जुन्या काळापासून चालत आलेली आहे. ही विभागणी पंथावर होती, भाषेवर नव्हती. आणि पुढील सर्व तंट्याचे मूळ बहुतांशी येथेच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आँटेरिओतील द्वैभाषिक शाळांविषयी तक्रारी वाढू लागल्या. मुलांना इंग्रजी नीट येत नाही, शिक्षकांपाशी प्रशिक्षणाची पदविका नाही, असे आक्षेप घेतले जात. कॅथलिक पंथीयांतही एकवाक्यता नव्हती; आयरिश वंशाचे इंग्रजी भाषिक कॅथलिक फ्रेंच शाळांच्या विरोधकांत आघाडीवर होते. तेव्हा शासनाने फ्रान्सिस मर्चंट या अनुभवी शिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी सोपविली. त्यांचा अहवाल १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुष्कळ शाळांतील अध्यापन असमाधानकारक आहे, आणि त्याचे प्रमुख कारण प्रशिक्षित शिक्षकांचा अभाव हे आहे, असा त्याचा मथितार्थ होता.

रोगाचे निदान बरोबर होते. दिलेले औषध मात्र त्या निदानाशी जुळणारे नव्हते. शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची व्यवस्था करण्याऐवजी शासनाने जून १९१२ मध्ये 'विनियम १७' या नावाने प्रसिद्ध असलेला आदेश काढला. त्यान्वये पहिल्या दोन वर्षांनंतर फ्रेंच भाषेतून शिकविण्यास बंदी झाली. पुढील वर्षी त्यात थोडी सवलत देण्यात आली ती अशी की, फ्रेंच हा विषय दिवसाकाठी एक तास शिकविता यावा. याखेरीज फ्रेंच जाणणाऱ्या तपासनीसाच्या जोडीला दुसरा इंग्रज तपासनीस या शाळांवर नेमण्यात आला. एकाच शाळेची दोन तपासनीसांनी तपासणी करावी आणि दुसऱ्याने मुख्यतः पहिल्याच्या सौजन्यावर लक्ष ठेवावे, ही पद्धत शिक्षणाच्या दृष्टीने कितपत हितावह आहे याचा विचार आदेश काढणारांनी केलेला दिसत नाही.

फ्रेंच भाषिकांनी १९१० मध्येच आपली शिक्षणविषयक संघटना स्थापन केली होती. तिच्या नेतृत्वाखाली विरोध सुरू झाला. मार्च १९१३ मध्ये ओटावा येथे 'ल द्रुआ', म्हणजे 'हक्क', या नावाचे वृत्तपत्र याच कार्यासाठी निघाले. तथापि लढ्याचे खरे स्थान वर्ग हेच होते. दुसरा तपासनीस दारात येताच मुले पाटी-दप्तर आवरून मुकाट्याने वर्गाबाहेर निघून जात. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यापुढे रिकामी बाके उरत. शाळातपासणीच्या दिवशी वर्गात जी धांदल उडते ती या पुस्तिकेच्या वाचकांना चांगली ठाऊक आहे. तीत हा प्रकार घडल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे गावोगावचे पालक, शिक्षक व मुले यांच्यात केवढी एकजूट असली पाहिजे याची कल्पना येईल. याची किंमतही द्यावी लागली. आदेश न पाळणाऱ्या शाळांचे अनुदान अडविले गेले आणि ओटावातील कित्येक शिक्षकांचे पगार दीर्घकाळ थकले.

या काळातील एक प्रसंग आँटेरिओतील प्रत्येक फ्रेंच शाळेत आजही सांगितला जातो. ओटावाच्या जुन्या वस्तीत, मरी रस्त्यावर, गिग शाळा या नावाची शाळा होती. तेथे बेआत्रिस देलोज व दियान देलोज या दोघी सख्ख्या बहिणी शिक्षिका होत्या. शहरातील निवडून आलेले कॅथलिक शाळा-मंडळ आदेश मानीत नाही म्हणून शासनाने १९१५ मध्ये ते बाजूला सारून त्याच्या जागी स्वतः नेमलेली एक लहान समिती आणली. या समितीने आदेश पाळण्याचे फर्मान सोडले. देलोज भगिनींनी ते मानले नाही. त्यांना शाळेतून दूर करण्यात आले. तेव्हा त्यांनी शाळेबाहेर, मिळेल त्या जागेत वर्ग भरविण्यास आरंभ केला. मुले त्यांच्या पाठोपाठ गेली. समितीच्या ताब्यातील इमारत उभी होती, पण तिच्यात शाळा उरली नव्हती.

जानेवारी १९१६ मध्ये मुलांच्या आया एकत्र जमल्या आणि त्यांनी दोघी शिक्षिकांना पुन्हा शाळेत आणून वर्गावर बसविले. त्यानंतर त्या दिवसरात्र शाळेवर पहारा देऊ लागल्या. पोलिसांनी आत शिरण्याचा प्रयत्न केला तेव्हा या स्त्रियांनी लाटणी, कात्र्या आणि त्या काळच्या स्त्रिया मोठ्या टोप्या केसांना अडकविण्यासाठी वापरीत त्या लांब टाचण्या हाती घेऊन त्यांना परतवून लावले. इतिहासात या प्रसंगाला 'टोपीच्या टाचण्यांची लढाई' असे गमतीदार नाव पडले आहे. नाव गमतीचे असले तरी ओटावातील हिवाळा गमतीचा नसतो. गुडघाभर बर्फात, शून्याच्या बऱ्याच खाली उतरलेल्या थंडीत, घरची कामे टाकून या बायका शाळेच्या दाराशी उभ्या होत्या हे विसरून चालणार नाही.

प्रकरण अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. नोव्हेंबर १९१६ मध्ये तेथून जो निर्णय आला तो दुहेरी होता. निवडून आलेले मंडळ बाजूला सारून समिती नेमणे बेकायदेशीर ठरले. परंतु मूळ आदेश मात्र वैध ठरला. कारण १८६७ च्या घटनेने शाळांच्या बाबतीत संरक्षण दिले होते ते पंथाला, भाषेला नव्हे. न्यायालयात फ्रेंच भाषिकांची बाजू लंगडी पडली ती येथे. आपली शाळा ही कॅथलिक शाळा म्हणून सुरक्षित आहे, पण फ्रेंच शाळा म्हणून तिला कायद्यात जागाच नाही, हे त्यांना या निर्णयाने कळले.

पुढील दहा वर्षांत लोकांचा निर्धार ढळला नाही आणि आदेशाची अंमलबजावणी दिवसेंदिवस अवघड होत गेली. १९११ मध्ये विधानसभेत इंग्रजी हीच शिक्षणाची भाषा असावी असा ठराव मांडणारे हॉवर्ड फर्ग्युसन हे पुढे प्रांताचे मुख्यमंत्री झाले, आणि त्यांनीच १९२५ मध्ये या प्रश्नाची नव्याने चौकशी करविली. चौकशी करणाऱ्या तिघांत पूर्वीचे मर्चंट हेही होते. १९२७ च्या या दुसऱ्या अहवालानंतर विनियम १७ चा अंमल थांबला. तो कागदोपत्री संपण्यास मात्र १९४४ साल उजाडावे लागले. प्रत्येक शाळेचा विचार तिच्या परिस्थितीनुसार व्हावा असे ठरले, आणि ओटावा विद्यापीठातील फ्रेंच अध्यापक-विद्यालयास शासनाची मान्यता मिळाली. शिक्षक अप्रशिक्षित आहेत ही १९१२ मधील तक्रार होती. तिच्यावरील सरळ उपाय पंधरा वर्षे मुलांची हेळसांड झाल्यावर योजिला गेला.

आँटेरिओच्या पश्चिमेकडील मॅनिटोबा प्रांताची हकीकत याहून कष्टाची आहे. तेथे १९१६ मध्ये इंग्रजीखेरीज इतर भाषांतून शिकविण्यास बंदी झाली आणि ती पुढील कित्येक दशके टिकली. फ्रेंच गावांतील शिक्षिका फ्रेंच शिकवीतच राहिल्या; तपासनीस येत आहे असे कळले की फ्रेंच पुस्तके कपाटात दडविली जात आणि इंग्रजी पुस्तके बाकांवर येत. सुप्रसिद्ध फ्रेंच लेखिका गाब्रिएल रुआ यांचा जन्म १९०९ मध्ये याच प्रांतातील सेंट बोनिफेस या गावी झाला. त्या तेथेच शिकल्या व काही वर्षे तेथे प्राथमिक शिक्षिकाही होत्या. जी मुले आपल्या भाषेचे पुस्तक लपविण्यास शिकतात, त्यांच्या मनात त्या भाषेविषयी काय घर करून राहते हा प्रश्न शिक्षकाने स्वतःशी विचारण्यासारखा आहे. काहींच्या मनात जिद्द येते. पुष्कळांच्या मनात संकोच येतो, आणि पुढे त्यांच्या मुलांशी घरात बोलताना तो संकोच बोलतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर वातावरण निवळले. १९६८ मध्ये आँटेरिओच्या शासनाने माध्यमिक शिक्षणही फ्रेंचमधून सार्वजनिक खर्चाने देण्याची तरतूद केली. येथे तंटा मिटावयास हवा होता. परंतु नवी अडचण निघाली, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. कायद्याने फ्रेंच शाळा काढता येत होती; पण ती काढावयाची की नाही हे ठरविणार स्थानिक मंडळ, आणि मंडळावर बहुमत इंग्रजी भाषिकांचे. पेनेटँग्विशीन या छोट्या गावी फ्रेंच कुटुंबांनी वेगळी माध्यमिक शाळा मागितली. मंडळाने नकार दिला. मंडळाचे सभासद दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. आपल्या मतदारांवर कराचा बोजा नको, आहे त्या शाळेत फ्रेंचचे काही तास आहेतच, एवढा त्यांचा व्यावहारिक विचार असे. तेव्हा १९७९ मध्ये पालकांनी आपली स्वतंत्र शाळा स्वतःच भरविली. पुढील वर्षी शासनाने फ्रेंच शाळेची मागणी मान्य केली. स्टर्जन फॉल्स येथेही १९७१ मध्ये असाच संघर्ष होऊन गेला होता. प्रत्येक गावाने प्रत्येक शाळेसाठी असे झगडत बसावे हे कोणत्याही समाजाला फार काळ झेपणारे नाही.

१९८२ मध्ये कॅनडाच्या घटनेत मूलभूत हक्कांची सनद समाविष्ट झाली. तिच्यातील २३ वे कलम शिक्षकांनी समजून घेण्याजोगे आहे. पहिली गोष्ट म्हणजे, हा हक्क मुलाला नसून पालकाला आहे. क्वेबेकबाहेर ज्या नागरिकाने लहानपणी प्रथम फ्रेंच आत्मसात केली व ज्याला ती अद्याप समजते, किंवा ज्याने स्वतः कॅनडात प्राथमिक शिक्षण फ्रेंचमधून घेतले, किंवा ज्याचे एखादे मूल कॅनडात फ्रेंच शाळेत शिकत आहे वा शिकलेले आहे, त्याला आपल्या सर्व मुलांना फ्रेंचमधून शिकविण्याचा हक्क आहे. मुलाला फ्रेंच येते की नाही हे विचारले जात नाही. हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु सत्तर वर्षांच्या दडपणात ज्या घरांतून भाषा निसटली, त्या घरांना ती परत मिळविता यावी हाही या कलमाचा हेतू आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, हा हक्क 'संख्या पुरेशी असेल तेथे' लागू होतो. पुरेशी म्हणजे किती, हे कलमात सांगितलेले नाही.

आल्बर्टा प्रांतातील एडमंटन शहरात ज्यां-क्लोद माए, आंजेलीन मार्तेल व पोल द्युबे या तीन पालकांनी १९८३ मध्ये एक छोटी फ्रेंच शाळा सुरू केली आणि शासनाकडे फ्रेंच भाषिकांचे स्वतंत्र शाळा-मंडळ मागितले. शासनाचे म्हणणे असे की, फ्रेंचमधून शिकविण्याची सोय झाली म्हणजे कलमाची पूर्तता झाली, मंडळ कशाला? दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९९० मध्ये निकाल लागला. शिक्षणाच्या हक्कातच ते शिक्षण चालविण्याचा अधिकार अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने ठरविले. कारण, बहुसंख्याकांचे मंडळ सद्भावनेने वागले तरी अल्पसंख्याकांच्या गरजा त्याच्या सहज लक्षात येत नाहीत, असा इतिहासाचा दाखला आहे. मात्र हा अधिकार सर्वत्र सारखा नाही. मुले थोडी तर थोडा, अधिक तर अधिक. एखाद्या ठिकाणी केवळ वर्ग मिळेल, एखाद्या ठिकाणी शाळा, एखाद्या ठिकाणी आहे त्या मंडळात राखीव जागा, आणि संख्या मोठी असेल तेथे पूर्ण स्वतंत्र मंडळ. खुद्द एडमंटनमध्ये त्या वेळी स्वतंत्र मंडळाइतकी संख्या नाही, राखीव प्रतिनिधित्वाइतकी आहे, असे न्यायालयाने म्हटले. तरीही त्या प्रतिनिधींच्या हाती कोणत्या बाबी असाव्यात हे न्यायालयाने स्पष्ट सांगितले: मिळालेल्या निधीचा खर्च, प्रशासक व शिक्षक यांच्या नेमणुका, अभ्यासक्रमाची आखणी आणि शिक्षणविषयक करारमदार.

या निकालानंतर एकामागून एक प्रांतांनी कायदे बदलले. मॅनिटोबातील फ्रेंच मंडळ १९९४ मध्ये सुरू झाले. आँटेरिओत १ जानेवारी १९९८ रोजी फ्रेंच भाषिकांची बारा मंडळे अस्तित्वात आली. त्यांपैकी चार सर्वसाधारण व आठ कॅथलिक आहेत. क्वेबेकबाहेर अशी एकंदर अठ्ठावीस मंडळे असून प्रत्येक प्रांतात व प्रदेशात निदान एक आहे. एकट्या आँटेरिओतील फ्रेंच शाळांत आज एक लाखाहून अधिक मुले शिकतात.

या मंडळांच्या कामाचे स्वरूप इंग्रजी मंडळांहून वेगळे असते. फ्रेंच कुटुंबे विखुरलेली असल्याने एकेका मंडळाचे क्षेत्र अवाढव्य असते. टोरँटो येथे मुख्य कचेरी असलेल्या व्हियामोंद मंडळाच्या शाळा दक्षिण आँटेरिओभर पसरलेल्या आहेत. ब्रिटिश कोलंबियात तर संपूर्ण प्रांतासाठी एकच मंडळ आहे. जवळची इंग्रजी शाळा चार घरे टाकून असते आणि फ्रेंच शाळेस जाण्यासाठी लहान मुलाला सकाळी अंधारात बसमध्ये बसावे लागते. पालक कोणती शाळा निवडतात हे पुष्कळदा बसच्या वेळापत्रकावर ठरते. म्हणून मंडळाच्या बैठकीत वाहतुकीचा विषय हा दुय्यम विषय नसतो.

इमारतींचेही तसेच. व्हँकूवर येथील रोझ-दे-व्हाँ या फ्रेंच शाळेत मुलांची गर्दी, काही वर्गांना खिडक्या नाहीत, ग्रंथालय चिमुकले, आणि मुलांना दूरचा प्रवास. जवळच्या इंग्रजी शाळा मात्र प्रशस्त. पालक न्यायालयात गेले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी लावली ती साधी आहे: दोन्ही शाळा पाहिल्यावर एखादा समंजस पालक इमारत व सोयी यांमुळे फ्रेंच शाळेत मूल घालण्यास कचरेल काय? कचरेल असे असेल तर समान शिक्षण मिळाले असे म्हणता येणार नाही. तत्पूर्वी २००० मध्ये प्रिन्स एडवर्ड बेटावरील समरसाइड गावाचा प्रश्न आला होता. तेथील शिक्षणमंत्र्यांनी मुलांना बसने दुसऱ्या गावच्या फ्रेंच शाळेत पाठविण्यास सांगितले. गावातच शाळा हवी, आणि ती कोठे असावी हे ठरविणे फ्रेंच मंडळाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. शाळा उठली म्हणजे केवळ वर्ग उठत नाही, त्या गावातील त्या भाषेचे एकत्र येण्याचे ठिकाण उठते, हे त्यामागील तत्त्व होय.

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांनी २०२० चा निकाल विशेष लक्षात ठेवावा. ब्रिटिश कोलंबियाच्या फ्रेंच मंडळाने कित्येक छोट्या गावांत शाळा मागितल्या होत्या. एवढ्या थोड्या मुलांसाठी शाळा कशी द्यावयाची, असा शासनाचा प्रश्न. न्यायालयाने उलट विचारले: प्रांतात कोठेही तेवढ्याच मुलांची इंग्रजी शाळा चालू आहे काय? चालू असेल तर ती संख्या पुरेशी आहे असे गृहीत धरले पाहिजे. बहुसंख्याकांच्या पोरांसाठी जी पटसंख्या परवडते ती अल्पसंख्याकांच्या पोरांसाठी परवडत नाही, असे म्हणण्यास शासनास सबळ कारण दाखवावे लागेल.

आता वर्गाकडे वळावे, कारण न्यायालये इमारतीच्या दारापर्यंतच पोहोचतात. फ्रेंच शाळेच्या पहिल्या वर्गात बसलेली सर्व मुले फ्रेंच बोलतात असे नाही. एका मुलाच्या घरी आई-वडील दोघेही फ्रेंच बोलतात. दुसऱ्याची आई फ्रेंच आणि वडील इंग्रजी, व घरात इंग्रजीच चालते. तिसऱ्याच्या फक्त आजीला फ्रेंच येते. चौथा हैती किंवा काँगोहून आलेल्या कुटुंबातील असून त्याची फ्रेंच अस्खलित, पण बर्फ त्याने प्रथमच पाहिलेला. या चौघांना एकच शिक्षिका एकाच पुस्तकातून शिकविते. ज्यांची भाषा कच्ची आहे अशा मुलांसाठी एक आणि परदेशांतून नव्याने आलेल्यांसाठी दुसरा, असे दोन साहाय्यक कार्यक्रम आँटेरिओच्या शाळांत चालतात. तथापि मुख्य भार वर्गशिक्षिकेवरच असतो. आरंभीचे महिने तोंडी कामाचे. गाणी, खेळ, बाहुल्यांची नाटके, रोजच्या वस्तूंची नावे, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे. लेखनाची घाई केली तर कच्चे मूल मुके बनते, आणि पक्के मूल कंटाळते.

खरी कसोटी मधल्या सुट्टीत लागते. वर्गात फ्रेंच बोलणारी मुले मैदानावर जाताच इंग्रजीत खेळू लागतात. खेळाडू इंग्रज, दूरदर्शन इंग्रजी, दुकान इंग्रजी. खेळाची भाषाही तीच होते. काही शिक्षक इंग्रजी बोलणाऱ्यास दटावतात. त्याने मैदान गप्प होते, फ्रेंच होत नाही. ज्या भाषेसाठी पूर्वी शिक्षा झाली तीच भाषा शिक्षा करून टिकविणे हा विचित्र मार्ग आहे. मैदानावर फ्रेंचमध्ये खेळण्याजोगे खेळ, नाटकमंडळी, गायन, मोठ्या मुलांनी लहानांना वाचून दाखविणे, अशा मार्गांनी भाषेला वर्गाबाहेर काम दिले तर ती बाहेरही राहते. आँटेरिओच्या शासनाने २००४ मध्ये फ्रेंच शाळांसाठी जे भाषाविषयक धोरण जाहीर केले त्यात भाषा व संस्कृती जोपासणे हे शाळेच्या नियोजनाचेच अंग मानले आहे. गोंडी, कोरकू किंवा पावरी बोलणारी मुले ज्यांच्या वर्गात आहेत त्या शिक्षकांना यातील अडचण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही, जरी तेथे प्रश्न उलट बाजूने उभा राहतो.

पालकांची एक शंका सर्वत्र सारखी आढळते: मूल फ्रेंच शाळेत घातले तर त्याचे इंग्रजी मागे पडेल. आँटेरिओच्या फ्रेंच शाळांत इंग्रजी हा विषय पाचव्या इयत्तेपासून अनिवार्य आहे, आणि मुले त्यात मागे राहत नाहीत. माँक्टन विद्यापीठातील रोद्रिग लांद्री व रेआल आलार यांनी याविषयी दीर्घकाळ संशोधन केले. त्यांचा निष्कर्ष असा की, ज्या भाषेला भोवतालचा सारा समाज आधार देतो ती शाळेबाहेरही येते. ज्या भाषेला तो आधार नाही तिला शाळेने अधिक तोलून धरावे लागते. येथे एक गल्लत टाळावी. इंग्रजी भाषिक मुलांना फ्रेंच यावी म्हणून १९६५ मध्ये माँट्रिआलजवळील सेंट लँबर्ट येथे सुरू झालेली आणि देशभर पसरलेली 'निमज्जन' पद्धती निराळी. तेथे सर्व मुले परकी भाषा एकदमच शिकू लागतात. फ्रेंच घरातील मूल त्या वर्गात बसविले तर त्याला आपली भाषा पुन्हा बाळबोध पायरीपासून ऐकावी लागते, आणि ते लवकरच सोबत्यांच्या इंग्रजीत सामील होते.

मंडळाला अधिकार मिळाले तरी ते अमर्याद नाहीत. ज्या पालकांना कलम २३ प्रमाणे हक्क नाही त्यांची मुले आपण होऊन दाखल करण्याचा अधिकार मंडळाला आहे काय, हा प्रश्न यूकन प्रदेशाच्या मंडळाने उपस्थित केला. प्रदेशाच्या शासनाने तो सोपविल्याखेरीज नाही, असे २०१५ मध्ये ठरले. मात्र २०२३ मध्ये वायव्य प्रदेशांच्या प्रकरणी न्यायालयाने सांगितले की, अशा अर्जाचा निर्णय घेताना मंत्र्यांनी फ्रेंच समाजाच्या जतनाचाही विचार केलाच पाहिजे. छोट्या समाजाला पाच-दहा मुलांनी फरक पडतो.

भारताच्या राज्यघटनेशी या व्यवस्थेची तुलना शिक्षकांना उद्‌बोधक वाटेल. आपल्या घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने भाषिक व धार्मिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालविण्याचा हक्क दिला आहे. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने घातलेला ३५०-क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने व स्थानिक संस्थांनी करावा असे सांगतो. त्यानुसार महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा उर्दू शाळा चालवितात, सीमेवरील काही तालुक्यांत कानडी शाळा चालवितात. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा तर आठ भाषांतून भरतात. परंतु खासगी संस्था चालविण्याचा हक्क आणि सार्वजनिक पैशाच्या शाळांवर त्या भाषिकांच्या निवडलेल्या मंडळाचा ताबा, या दोन गोष्टी एक नव्हेत. कॅनडाने दुसरी गोष्ट केली आहे. केंद्रसंमेलनात या मुद्द्यावर चर्चा ठेवल्यास दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. कारण स्वतंत्र मंडळ म्हणजे स्वतंत्र कचेरी, स्वतंत्र बसगाड्या आणि कित्येकदा एकाच रस्त्यावर दोन अर्धवट भरलेल्या शाळा, हाही हिशेब करावा लागतो.

२२ फेब्रुवारी २०१६ रोजी आँटेरिओच्या तत्कालीन मुख्यमंत्री कॅथलीन विन यांनी विधानसभेत विनियम १७ बद्दल फ्रेंच भाषिकांची जाहीर क्षमा मागितली. आदेश निघाला त्याला तेव्हा एकशेतीन वर्षे झाली होती. गिग शाळेतील वर्ग १९७९ मध्ये बंद झाले. पण मरी रस्त्यावरील ती इमारत पाडली गेली नाही. पुढे तिची डागडुजी होऊन तिच्या एका भागात फ्रेंच बोलणाऱ्या वृद्धांसाठी दिवसभर बसण्या-उठण्याचे केंद्र सुरू झाले. ज्या दारात एकेकाळी आया टाचण्या घेऊन उभ्या होत्या, त्याच दारातून म्हातारी माणसे सकाळी आत येऊ लागली आणि दिवसभर आपल्या भाषेत बोलू लागली.